पट्टा आणि पात्रता



वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर विद्वानांनी बोलावे, ही रीत. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे जे काही झाले ते युनियनच्या कचेरीत आणि वाचनालयाच्या बाकावर. तेव्हा कराटेच्या पट्ट्यांवर हा गृहस्थ काय बोलणार, असे आपल्या मनात आले असेल. मी कराटे शिकलेलो नाही. पण माणसाची पायरी कोण ठरवतो आणि कशावरून ठरवतो, या एका प्रश्नावर मी आयुष्यभर भांडत आलो आहे. आणि पट्ट्याचा प्रश्नही तोच आहे.

जव्हार-मोखाड्यात पट्टा म्हटले की आधी वनपट्टा आठवतो. २००६ च्या वनहक्क कायद्याने मिळणारा पट्टा म्हणजे जमिनीचे बक्षीस नव्हे. जो कसत आला त्याचा हक्क तो कागदावर उतरवतो. कसणे आधी, कागद मागून. कमरेच्या पट्ट्यालाही मी हीच कसोटी लावतो.

आता या पट्ट्याचा इतिहास पाहा. पुष्कळांना वाटते की रंगीत पट्टे हजारो वर्षांपूर्वीचे आहेत. तसे नाही. जिगोरो कानो या जपानी शिक्षकाने १८८२ साली तोकियोत ज्युदोची शाळा काढली. 'गो' नावाच्या पटावरच्या खेळात 'दान' ही श्रेणी होती. ती त्यांनी उचलली आणि १८८३ साली दोघा शिष्यांना पहिला दान दिला. काळा पट्टा त्यानंतरचा. कराटेत हीच पद्धत गिचिन फुनाकोशी यांनी १९२४ साली आणली. तेही पेशाने शिक्षकच. पिवळा, नारिंगी, हिरवा अशा रंगांचा प्रसार तर पुढे युरोपात झाला. ज्या ओकिनावा बेटावर कराटे वाढले, तिथल्या जुन्या गुरूंपाशी पट्टे नव्हतेच. आणि काळ्या पट्ट्याची जी पहिली श्रेणी, 'शोदान', तिचा अर्थ शेवट नव्हे, आरंभाची पायरी!

आपल्या तालमीत तर लंगोटाखेरीज काहीच नव्हते. मग पैलवानाची पायरी कळायची कशी? घाटावरच्या यात्रेतली कुस्ती ज्याने पाहिली त्याला ठाऊक आहे. आरंभी पोरासोरांच्या कुस्त्या रेवड्यांवर, नारळावर. मग इनाम चढत जाते आणि मोठी जोड सर्वांत शेवटी. पंच दोघांना शेजारी उभे करून जोड लावतात, आणि विजोड वाटली तर भोवतालचे लोक ओरडून सांगतात. परीक्षा उघड्यावर, निकाल हजारांच्या डोळ्यांदेखत. खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीत कांस्यपदक मिळवले. अर्जुन पुरस्कार त्यांना २००० साली मिळाला, मृत्यूनंतर सोळा वर्षांनी. मान उशिरा आला म्हणून त्यांची कुस्ती काही उणी ठरली नाही.

मग पट्टे टाकून द्यावेत काय? मी तसे म्हणणार नाही. तालमीचेही गोडवे नुसते गाऊ नयेत. तिथे वस्तादाचा शब्द शेवटचा. ज्याच्या घरी दूध-तूप, त्याच्या अंगाला खुराक. आणि मुलींना तर हौद्याच्या कडेलाही जागा नव्हती. कारखान्यात अकुशल, अर्धकुशल, कुशल अशी लेखी यादी नसली तर काय होते ते मी पाहिले आहे. मुकादमाच्या मर्जीतला कुशल ठरतो आणि बाकीचे वर्षानुवर्षे अकुशल राहतात. लेखी पायरी ही गरिबाची ढाल आहे. कानोंच्या पद्धतीचा गुण हाच की कोठूनही आलेल्या पोराला पुढची पायरी कोणती ते कळते.

दोष शिरतो तो पायरी विकाऊ होते तेव्हा. आपल्याच तालुक्यातली एक मुलगी. आईबाप दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातात, पावसाच्या तोंडावर परततात. वर्गाची परीक्षा नेमकी हिवाळ्यात, आणि फी पट्ट्यासकट एकदम भरायची. दोन वर्षे तिचा पट्टा पिवळाच राहिला. त्याच काळात ती पांढऱ्या पट्ट्याच्या पोरांना उभे कसे राहावे, पडावे कसे, हे शिकवत होती. तिच्याहून कच्ची मुले हिरवा बांधून पुढच्या रांगेत गेली. मी शिक्षकांना विचारले. ते म्हणाले, "साहेब, नियम आहे." हे वाक्य मी मालकांच्या तोंडून इतक्यांदा ऐकले आहे की मला राग येईना, वाईट मात्र वाटले. मुलगी मला म्हणाली, "काका, मला येतं ना सगळं. मग मागं का उभं करतात?"

या प्रश्नाचे उत्तर मला देता आले नाही. म्हणून तो आज आपल्यापुढे ठेवतो. आपल्यापैकी पुष्कळांची मुले अशा वर्गांना जातात. आपण पालक म्हणून चार गोष्टी मागू शकतो. कोणत्या पट्ट्याला काय आले पाहिजे ते भिंतीवर मराठीत लिहिलेले असावे. परीक्षा पालकांसमोर व्हावी, आणि परीक्षक बाहेरचा असावा. जो शिकवतो आणि फी घेतो त्यानेच पास करू नये. ज्याला फी जड जाते त्याची फी वर्गणीतून भरावी. पट्टा अडवून ठेवू नये. आणि परीक्षेची एक तारीख पावसाळ्यात असावी, जेव्हा आपली माणसे घरी असतात, भाताच्या आवणीत राबत असतात, पण मुले गावात असतात.

मागण्या मोठ्या नाहीत. पट्टा कापडाचा आहे. तो रंगवायला दुकानात रंग मिळतो. पण मागे उभ्या राहिलेल्या त्या पोरीला पुढच्या रांगेत बोलावणे हे दुकानात मिळत नाही. ते आपल्याला करावे लागेल.