चंद्र तोच, मधली हवा वेगळी



आज कोजागरी. दिवस मावळता मावळता तुम्ही भंडारा डोंगर चढत होता, तेव्हा चाकणच्या अंगाला चंद्र उगवत होता. पाहिलात ना? तांब्याच्या परातीसारखा, लालसर, मोठाच्या मोठा, खालून जरासा दबलेला. आता मान वर करा. पांढराशुभ्र आणि केवढासा! दोन तासांत त्याला काय झालं? माउली, त्याला काहीच झालं नाही.

खात्री करून घ्यायची? हात लांब करा, एक डोळा मिटा आणि करंगळीचं नख चंद्रावर धरा. झाकला की नाही? उगवताना धरलं असतंत, तरी त्याच नखाने झाकला असता. सुमारे ३,४७५ किलोमीटर व्यासाचा चंद्र, आणि त्याला करंगळीचं नख पुरतं! उलट उगवताना तो आपल्यापासून थोडा लांबच असतो. डोक्यावर येतो तेव्हा सुमारे ६,००० किलोमीटर जवळ येतो. मोठा दिसतो हा मनाचा भास आहे.

मग लाल का दिसतो? डोक्यावरच्या चंद्राचा उजेड हवेतून सरळ खाली येतो. क्षितिजावरचा उजेड तिरपा, जमिनीलगतच्या हवेतून येतो. त्या वेळी मध्ये सुमारे ३८ पट हवा असते. निळा रंग वाटेत विखरून जातो, तांबडा तेवढा आपल्यापर्यंत पोचतो. धूळ-धूर असला तर आणखीच तांबडा. दबलेला दिसतो तोही हवेमुळेच. खालच्या कडेचा उजेड जास्त वाकतो, म्हणून ती कड वर उचललेली दिसते. चंद्र गोल तो गोलच.

आता माझ्या घरचं सांगतो. मावळात जमिनीला भाव आला आणि वीतभर बांधावरून माझं थोरल्या भावाशी बोलणं बंद झालं. अकरा वर्षं! त्याचा साधा खोकलासुद्धा मला टोमणा वाटायचा. पुतणीचं लग्न झालं, मांडव आमच्या दारातून दिसत होता, पण मी अक्षता टाकायला गेलो नाही. आणि त्याच आठवड्यात कीर्तनात मी भरताच्या बंधुप्रेमावर बोललो. लोक रडले. मी मात्र कोरडा.

पुढे एका कोजागरीला अंगणात बसलो होतो. नातवाने चंद्रापुढे बोट धरलं आणि म्हणाला, "आबा, चंद्र गेला!" मी म्हणालो, "गेला नाही रे, तुझं बोट आडवं आलंय." बोललो आणि गप्प झालो. माझ्या डोळ्यापुढे वीतभर बांध होता, आणि त्याच्यामागे सबंध भाऊ झाकला गेला होता.

उठलो, त्याच्या दाराशी गेलो. दार वहिनींनी उघडलं. दादा आतूनच म्हणाला, "दूध आटतंय, बस." एवढंच. बांध आजही तिथेच आहे. पण पुतणीच्या डोक्यावर टाकायच्या अक्षता राहून गेल्या, त्या आता कशा टाकणार?

याच डोंगरावर तुकोबाराय चिंतनाला बसायचे. आपणही इथे येतो, घटकाभर मन वर जातं, सगळं स्वच्छ दिसतं. पण उद्या पहाटे काकड्याला उठाल, तेव्हा मावळतीकडे बघा. लोहगड-विसापूरच्या बाजूला, सह्याद्रीच्या रांगेवर हाच चंद्र पुन्हा खाली आलेला असेल, पुन्हा मोठा, पुन्हा तांबडा. मनाचंही तसंच असतं. एकदा स्वच्छ दिसलं म्हणून भागत नाही, रोज पाहावं लागतं. म्हणून रोजचं नामस्मरण.

ज्याच्याशी बोलणं बंद आहे, त्याच्याकडे आज वाटीभर दूध घेऊन जा. चंद्र वर आहे तोवर जा.

बोला, पुंडलिक वरदे हारी विठ्ठल!