शितावरून भात, पण पेशींचं काय?

आज एक अडचण सांगते.

स्टेम सेलपासून हृदयाच्या पेशी तयार करायच्यात. त्या खरंच तशा झाल्या, हे कसं ओळखणार? नेहमीची पद्धत अशी: थोड्या पेशी घ्यायच्या, रसायनाने थिजवायच्या, रंग देऊन मायक्रोस्कोपखाली बघायच्या. उत्तर मिळतं, पण त्या पेशी मरतात. पेशंटला देणार त्या वेगळ्याच, न तपासलेल्या!

शितावरून भाताची परीक्षाच ही. पण इथे चार शितं कच्ची राहिली तर? काही प्रकारच्या स्टेम सेल न बदलता शरीरात गेल्या, तर गाठ होऊ शकते.

इथे चिप कामाला येते. 1984 मध्ये आयव्हर येव्हर (1973 चे भौतिकशास्त्राचे नोबेल विजेते) आणि चार्ल्स कीझ यांनी सोन्याच्या इलेक्ट्रोडवर पेशी वाढवून अगदी क्षीण एसी करंट सोडला. त्या स्टेम सेल नव्हत्या, पण युक्ती तीच. पेशीचं आवरण करंट अडवतं. पेशी पसरल्या की अडथळा वाढतो, सुटल्या की घटतो. पेशी जिवंत, आणि आलेख रात्रंदिवस चालू!

काही चिप रसायनही पकडतात. मेंदूच्या पेशींनी सोडलेल्या डोपामाइनचं इलेक्ट्रोडवर ऑक्सिडेशन होतं, आणि तो करंट मोजता येतो.

मला आधी वाटायचं, आता रंगाची गरजच संपली. तसं नाही. चिपला हजारो पेशींचा एकत्रित आवाज ऐकू येतो. चार कच्च्या पेशी त्यात हरवतात. रंगाची चाचणी लागतेच. पण ती कधी करायची, हे आता चिप बघून ठरवता येतं.

भेटू पुढच्या भागात!