नेव्हिलचे दहा गुण



ग्वाल्हेरच्या कंपूत वाढणाऱ्या मुलांना शौर्याच्या गोष्टी वेगळ्या शिकवाव्या लागत नाहीत. हा सारा परिसर शिंद्यांच्या फौजेचा. लष्कर शहरच मुळी १८१० साली दौलतराव शिंद्यांच्या तळातून उभे राहिले. फूलबागेत राणी लक्ष्मीबाईंची समाधी आहे, घोड्यावरचा पुतळा आहे. त्यामुळे ‘शूर’ म्हटले की इथल्या मुलांच्या डोळ्यांपुढे आधी उपसलेली तलवार येते, आणि ते साहजिकच आहे. पण राणी धारातीर्थी पडल्या त्या जून १८५८ च्या दिवसांची आणखी एक कथा ग्वाल्हेरात सांगतात. राणीचा देह इंग्रजांच्या हाती पडू नये म्हणून बाबा गंगादासांच्या मठातले साधू उभे राहिले आणि शेकड्यांनी पडले, असे परंपरा सांगते. त्यांना फौजेत कोणी भरती केले नव्हते.

चांगल्या अद्भुतरम्य कादंबरीला अशाच माणसांचे आकर्षण असते. लढणे हे ज्याचे काम नाही, त्याला ती लढाईत आणून उभे करते.

‘हॅरी पॉटर’ इथे बसलेल्या बहुतेकांना माहीत असेल. त्याचा मराठी अनुवाद कुठून निघाला? आपल्याच मध्य प्रदेशातून, भोपाळच्या मंजुल प्रकाशनाकडून. या कथेचा नायक हॅरी, यात वाद नाही. पण धैर्य माणसात कसे मुरत जाते हे पाहायचे असेल, तर नेव्हिल लाँगबॉटमवर नजर ठेवावी. विसराळू, गोलमटोल, आजीच्या धाकात वाढलेला मुलगा. शाळेच्या पहिल्याच प्रवासात त्याचा पाळीव बेडूक हरवतो.

पहिल्या भागाच्या शेवटाकडे एक प्रसंग आहे. हॅरी आणि त्याचे मित्र रॉन व हर्मायनी रात्री गुपचूप बाहेर पडायला निघतात आणि नेव्हिल दार अडवतो. यांच्या उपद्‌व्यापांमुळे आपल्या गटाचे गुण आधीच गेलेले, आता आणखी जाणार, एवढेच त्याला कळते. तो मुठी आवळून उभा राहतो. हर्मायनी मंत्र टाकते आणि तो लाकडासारखा ताठ होऊन जमिनीवर पडतो. खरे तर त्या रात्री बाहेर जाणे गरजेचेच होते. पूर्ण हकिगत नेव्हिलला ठाऊक नव्हती. तरीही सत्राच्या शेवटी दोन गट ४७२ गुणांवर बरोबरीत असताना, मित्रांच्या विरोधात उभे राहिल्याबद्दल मुख्याध्यापक डम्बलडोर त्याला दहा गुण देतात आणि चषक त्या दहा गुणांवर जिंकला जातो. लेखिका जे. के. रोलिंग यांनी राक्षसाशी झुंजणाऱ्याच्या बरोबरीने, मित्रांना ‘नाही’ म्हणणाऱ्याचाही मान ठेवला. वर्गात ज्याने हे एकदा तरी केले असेल, त्याला त्यातली धडधड ठाऊक असते.

पुढच्या भागांत हे धैर्य हळूहळू वाढत जाते. तिसऱ्या भागात कळते की नेव्हिलला जगात सर्वांत जास्त भीती वाटते ती स्नेप या शिक्षकांची. पाचव्या भागात त्याचे आईवडील दिसतात: छळामुळे मनाचा तोल कायमचा गेलेले, रुग्णालयात ठेवलेले. मुलाला ओळखतही नसलेली आई त्याच्या हातात च्युइंगमचा रिकामा कागद ठेवते. आजी म्हणते, टाकून दे. तो मात्र तो कागद खिशात घालतो. सगळ्या मालिकेतला सर्वांत धीराचा क्षण कोणता, असे विचारले तर काही वाचक हाच सांगतील, आणि ते योग्यच आहे. शेवटच्या भागात खलनायक व्होल्डेमॉर्टसमोर पेटत्या टोपीखाली उभा राहून, त्याच टोपीतून तलवार काढून नेव्हिल त्या खलनायकाच्या ‘नागिनी’ या सर्पिणीचे मुंडके उडवतो. तलवार येते ती अशी सर्वांत शेवटी. तोवर वाचकाची खात्री पटलेली असते की या हाताला ती शोभेल.

आपल्याकडे ही दृष्टी नवी नाही. सदाशिव काशिनाथ छत्रे यांनी १८३० मध्ये ‘वेताळ पंचविशी’ मराठीत आणली. त्यातला विक्रम राजा कोणाशी लढतो? प्रेत खांद्यावर घेतो, तोंड उघडताच वेताळ झाडावर परत जातो, आणि राजा पुन्हा मसणवाट तुडवत त्या झाडाशी जातो. काळोख तोच, वाट तीच. न कंटाळता परत फिरण्यातच त्याचा पराक्रम आहे.

आणि मराठी कादंबरीकार नाथमाधव! द्वारकानाथ माधव पितळे हे त्यांचे खरे नाव, जन्म १८८२ चा. ऐन तारुण्यात सिंहगडावर शिकारीला गेले असता ते कड्यावरून कोसळले आणि कमरेखालचे शरीर कायमचे लुळे पडले. त्यानंतर त्यांनी लेखणी धरली. ‘वीरधवल’ ही अद्भुतरम्य कादंबरी याच माणसाची, शिवकाळावरची ‘स्वराज्य’माला याच माणसाची. ज्या गडावरून पडून पाय गेले, त्या गडांच्या काळाचा पराक्रम त्यांनी मराठी मुलांच्या पिढ्यांना वाचायला दिला. १९२८ साली, वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी ते गेले.

‘वीरधवल’ची भाषा आज थोडी जुनी वाटेल, पहिली काही पाने नेटाने वाचावी लागतील. मोठ्या सुट्टीत घरातल्या कोणी ती मोठ्याने वाचली, तर आजोबा आणि नातू दोघेही ऐकत बसतील. बक्षिसे घ्यायला उत्सुक असलेल्या मुलांना आता अधिक थांबवणे बरे नव्हे.