फिरत्या घराची निगा



घर झाडून-पुसून ठेवावें हें कोणास शिकवावें लागत नाहीं, आणि मोटार धुवावयास तर आठ वर्षांचें पोरही उत्साहानें पुढें येतें. परंतु घर आणि मोटार हीं दोन्ही एकाच चौकटींत आलीं, म्हणजे या दोन्ही विद्या अपुऱ्या पडतात. कॅम्पर व्हॅन ही वस्तु अशी आहे. जर्मनींतील वेस्टफालिया कारखान्यानें १९५१ सालीं फोक्सवॅगनच्या गाडींत बसविण्याजोगें घरगुती सामान तयार केलें आणि ही हौस युरोपांत रुजली. आपल्याकडे महाराष्ट्र शासनानें २०२१ सालीं कॅरव्हॅन पर्यटनाचें धोरण मंजूर केलें. आतां कांहीं हौशी कुटुंबें टेम्पो ट्रॅव्हलरसारख्या गाडीस फिरत्या घराचें रूप देऊन कोंकण गांठूं लागलीं आहेत. मी आज बोलणार आहें तें अशाच गाडीविषयीं. विलायती पुस्तकांत हिमाची चिंता फार. आपले शत्रु मीठ आणि दमट हवा हे आहेत.

प्रथम बाहेरची बाजू पाहूं. किनाऱ्यावर दोन दिवस गाडी उभी राहिली, कीं वाऱ्याबरोबर येणारे खारे तुषार तिच्या अंगावर बसतात. रंगावरचें मीठ दिसतें म्हणून आपण तें धुतों. पोटाखालीं, मडगार्डच्या आंतल्या कडांस, बिजागऱ्यांपाशीं बसलेलें मीठ दिसत नाहीं. मिठाचा एक धर्म असा आहे, कीं हवेची सापेक्ष आर्द्रता सुमारें ७५ टक्क्यांच्या वर गेली म्हणजे तें हवेंतलें पाणी ओढून घेतें व स्वतःच विरघळतें. पावसाळ्यांत बरणींतलें मीठ पाझरतें तें याच कारणानें. कोंकणांत त्या दिवसांत हवा बहुतेक वेळ या मर्यादेच्या वरच असते. अर्थात् पावसाचा एक थेंबही अंगावर न पडतां पत्र्यावर खारें पाणी दिवसरात्र टिकून राहतें, आणि गंजाचें काम अखंड चालतें. म्हणून समुद्रावरून परततांच गोड्या पाण्याचा झोत आधीं गाडीच्या खालच्या बाजूस द्यावा, आणि मग वरच्या रंगाकडे वळावें. लोक नेमकें उलट करतात. दारांच्या खालच्या कडेस पाणी वाहून जाण्यासाठीं बारीक भोकें असतात. तीं तांबड्या मातीनें बुजलीं, कीं पाणी दाराच्या पोटांतच सांचतें. बांबूच्या काडीनें तीं मोकळीं करण्यास दहा मिनिटेंही लागत नाहींत. खिडक्यांच्या रबरावर आणि टपावरील झरोक्याच्या सांध्यावर मात्र जोराचा झोत मारूं नये. पाणी बाहेर ठेवणाऱ्या वस्तूंतूनच तें आंत शिरतें.

अनेक कॅम्पर व्हॅनच्या खिडक्या कांचेच्या नसून अॅक्रिलिकच्या असतात. दिसावयास कांचच, परंतु अमोनिया किंवा अल्कोहोल असलेलें कांच पुसण्याचें औषध तीस लागलें, कीं कालांतरानें तींत केंसासारख्या बारीक चिरा पडतात, आणि त्या पुन्हां भरून येत नाहींत. आधीं भरपूर पाण्यानें धूळ वाहून जाऊं द्यावी, मग साबणाच्या पाण्यांत भिजविलेलें मऊ फडकें हलकेंच फिरवावें. कोरड्या फडक्यानें पुसणें म्हणजे घाटांतील धूळ घेऊन खिडकीस घासणेंच होय.

आंतल्या बाजूस घाणीपेक्षां ओल अधिक घातक. शेगडींत एक किलो गॅस जळला म्हणजे त्यापासून सुमारें दीड किलो पाणी वाफेच्या रूपानें हवेंत येतें. भाताच्या पातेल्यांतील वाफ निराळी. त्यांत चार माणसें रात्रभर दारें लावून श्वास टाकीत निजलेलीं! महाबळेश्वरच्या थंड रात्रीं ही सर्व वाफ पत्र्यावर दंव होऊन बसते, आणि तेथून फळ्यांच्या मागें व गादीखालीं जाते. पाऊस असला तरी झरोका बोटभर उघडा ठेवावा. सकाळीं गाद्या उभ्या कराव्यात. गादी व फळी यांमध्यें काथ्याची चटई घातली तर खालून हवा खेळते. बुरशी दिसलीच, तर ती कोरड्या कुंच्यानें झाडूं नये, कारण तिचे कण साऱ्या गाडीभर उडतात. साबणाच्या ओल्या फडक्यानें टिपून घेऊन ती जागा पूर्ण वाळवावी. वरून रंग फांसून ती झांकणें हा उपाय नव्हे.

आतां एक गोष्ट जरा आग्रहानें सांगावयाची आहे. गॅसच्या सिलिंडरच्या कपाटांत, अगदीं तळाशीं, बाहेर उघडणारें जाळीचें भोंक ठेवावें लागतें. तेथून धूळ येते म्हणून स्वच्छतेच्या भरांत तेथें चिंधी कोंबण्याचा मोह होतो. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षां जड असतो. तो गळला तर वर जात नाहीं, पाण्यासारखा तळाशीं सांचतो, आणि त्यास बाहेर पडण्यास तेवढी एकच वाट असते. ती बंद केली, तर एक ठिणगीही पुरे. जाळी ब्रशानें साफ करावी. बंद कधींही करूं नये. नळीच्या सांध्यावर साबणाचा फेंस लावून बुडबुडे येतात का तें पाहावें. काडी ओढून पाहणारे शूर पुरुष अद्यापि आढळतात, त्यांस दुरून नमस्कार.

पिण्याच्या पाण्याची टांकी दिसत नाहीं, म्हणून विसरली जाते. लांबच्या प्रवासापूर्वीं ती भरून, दर लिटरास एक मिलिलिटर या मानानें ५ टक्के शक्तीचें, सुगंध वगैरे नसलेलें साधें ब्लीच घालावें. सर्व नळांतून तें पाणी थोडें सोडावें, म्हणजे नळ्याही शुद्ध होतात. चार तासांनीं टांकी रिकामी करून, वास जाईपर्यंत स्वच्छ पाण्यानें धुवावी. क्षार काढण्यासाठीं व्हिनेगर वापरावयाचें तर तें दुसऱ्या दिवशीं. दोन्ही एकत्र आलीं कीं विषारी क्लोरीन वायु सुटतो.

पावसाळ्यांत गाडी उभी करून ठेवावयाची असेल, तर टांकी कोरडी करावी, फ्रीजचें दार फडकें अडकवून किलकिलें ठेवावें आणि धान्याचा दाणाही आंत ठेवूं नये. दाण्यासाठीं आलेला उंदीर वायरीही कुरतडतो. अंगाबरोबर घट्ट ताडपत्री बांधण्यापेक्षां चारी बाजूंनीं मोकळी शेड बरी, कारण ताडपत्रीखालीं ओल कोंडते. उघडीप मिळेल त्या दिवशीं दारें, कपाटें, गाद्या सर्व उघडून दोन तास हवा खेळूं द्यावी, आणि त्याच वेळीं गाडी थोडी पुढें-मागें घ्यावी, म्हणजे टायर एकाच जागीं दबून राहत नाहींत.