पांढुर्णा जिल्हा आणि अर्जाची भाषा

पांढुर्णा आणि सौंसर या दोन तहसिली छिंदवाडा जिल्ह्यातून वेगळ्या काढून 5 ऑक्टोबर 2023 रोजी मध्य प्रदेशात पांढुर्णा हा नवा जिल्हा अस्तित्वात आला, आणि कलेक्टर कचेरीतील कामासाठी सातपुड्याचा घाट चढून छिंदवाडा गाठण्याची इथल्या शेतकऱ्यांची जुनी पायपीट संपली. कचेरी जवळ येणे ही लोकाभिमुख प्रशासनाची, म्हणजे नागरिकांच्या गरजेभोवती कारभाराची मांडणी करण्याची, पहिली पायरी होय. मात्र घरी, शेतात आणि बाजारात मराठी बोलणाऱ्या या मुलखात दुसरी पायरी भाषेची आहे, आणि तिच्याकडे फार कमी लक्ष गेले आहे.

संत्र्याच्या बागेचे उदाहरण घ्यावे. आंबिया बहराची फळगळ झाली किंवा गारपिटीने फळ डागाळले, की पटवारी पंचनामा करतो आणि राजस्व पुस्तक परिपत्रकाच्या 6-4 या प्रकरणानुसार मदत ठरते. राज्याची राजभाषा हिंदी असल्याने हे कागद हिंदीत तयार होतात. नुकसान नेमके कधी आणि कशाने झाले, हे बागायतदार मराठीत बारकाईने सांगू शकतो, परंतु अर्ज लिहून देणाऱ्याच्या हातून तेच दोन ठरीव ओळींत उतरले, तर मदतीचा निर्णय ज्या तपशिलावर अवलंबून असतो तोच गळून पडतो.

राज्यघटनेने या अडचणीचा विचार केलेला आहे. अनुच्छेद 350 नुसार कोणत्याही व्यक्तीला आपल्या गाऱ्हाण्याच्या निवारणासाठी संघराज्यात किंवा त्या राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत निवेदन देता येते; म्हणजेच मंगळवारच्या जनसुनवाईत, जिथे अधिकारी नागरिकांची गाऱ्हाणी समोरासमोर ऐकतात, मराठीत लिहिलेला अर्ज देणे हा हक्क आहे, कुणाची मेहरबानी नव्हे. ठरावीक मुदतीत सेवा देण्याचे बंधन घालणारा आणि विलंबाबद्दल अधिकाऱ्याला दंड करणारा लोकसेवा हमी कायदा मध्य प्रदेशानेच 2010 मध्ये देशात सर्वप्रथम केला. ज्या राज्याने मुदतीची हमी दिली, त्याने भाषेचीही द्यावी, ही अपेक्षा अवाजवी नाही.

ग्रामसभेत, म्हणजे गावातील सर्व मतदारांच्या सभेत, हा प्रश्न अधिकच टोकदार होतो. तिथे चर्चा मराठीत रंगत असली, तरी कार्यवृत्त हिंदीत लिहिले गेले, तर त्यावर अंगठा किंवा सही करणाऱ्या वृद्ध बाईला आपण कशाला संमती दिली हे पडताळता येत नाही, आणि न पडताळता दिलेल्या संमतीला लोकसहभाग म्हणणे कठीण आहे. ठराव मंजूर करण्यापूर्वी तो मराठीत मोठ्याने वाचून दाखवावा आणि त्याची मराठी प्रत पंचायतीच्या फलकावर लावावी, एवढ्यासाठी नवा कायदा लागत नाही. भाषिक अल्पसंख्याकांच्या संरक्षणासाठी अनुच्छेद 350-ख खाली नेमलेल्या विशेष अधिकाऱ्याचे अहवाल राष्ट्रपतींमार्फत संसदेपुढे ठेवले जातात. सौंसर-पांढुर्ण्याच्या ग्रामसभांनी आपली मागणी ठरावाने त्या अधिकाऱ्याकडे पाठवावी.