जाळ्याखाली लपवलेली पाटी
(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनात केलेले भाषण)

माझ्या बालवाडीतून गेलेल्या, आता स्वतः आईबाप झालेल्या मुलांनो,

सेक्रेटरींनी मला दहा मिनिटं दिली आहेत. बालवाडीच्या बाईला दहा मिनिटं खाऊ वाटायलाही पुरत नाहीत. असो.

गेल्या महिन्यात जिन्यात एका आईनं मला थांबवलं. "काकू, पावणेचार वर्षांची झाली, अजून ए टू झेड लिहीत नाही हो. मागे पडेल ना?" मुलगी शेजारी उभी राहून ऐकत होती. तिचं तोंड बघितलं आणि मला माझी जुनी चूक आठवली.

माझं पहिलंच वर्ष होतं. कोळीवाड्यातल्या एका चार वर्षांच्या मुलाचा हात धरून मी रोज पाटीभर 'ग' गिरवून घ्यायची. पंधरा दिवसांत तो यायचा बंद झाला. घरी गेले तर आजी म्हणाली, "बाय, पाटी त्यानं होडीत जाळ्याखाली लपवलीय." मला राग नाही आला, लाज वाटली.

मग मी ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांच्याविषयी वाचलं. १९४५ साली बोर्डीला, आपल्यासारख्याच समुद्रकाठच्या गावात, त्यांनी काम सुरू केलं. १९५७ पासून ते कोसबाडच्या टेकडीवर गेलं. मुलं शाळेत येईनात, तर शाळाच त्यांच्या अंगणात नेली. गुरं राखणाऱ्यांसाठी कुरणात नेली. साधनं म्हणजे शिंपले, बिया, पानं, खडे. आपल्याकडे याला कमी आहे का?

चार वर्षांच्या मुलाच्या मनगटातली हाडं अजून पुरती भरलेली नसतात. त्या हातात पेन्सिल कोंबण्याआधी त्यानं पीठ मळावं, शेंगा सोलाव्यात, सुपाऱ्या निवडाव्यात, वाळूत बोटानं उभी रेघ, अर्धगोल, गोल काढावेत. आपली अक्षरं बहुतेक त्यातूनच होतात. आणि लिहिण्याच्या आधी कान. 'म'नं सुरू होणारं सांग: मासा, मीठ, मचवा. शब्दाचा शेवट ओळख. भेंड्या खेळताना मूल हेच करतं, फक्त आपण त्याला अभ्यास म्हणत नाही.

तर त्या मुलाला मी जेट्टीवर घेऊन गेले. एका होडीवर रंगानं 'सागर' लिहिलेलं होतं. वाळूत मी 'आगर' लिहिलं. आगर म्हणजे काय हे त्याला कुणी सांगायला नको, नारळी-पोफळीत वाढलेला. तो एकदा वाळूकडे, एकदा होडीकडे बघत राहिला. म्हणाला, "बाई, मागचं दोन सारखंच हाय!" 'ग' आणि 'र' त्यानं हात न धरता ओळखले. पाटी दुसऱ्या दिवशी आपणहून आली, खारट वासासकट.

पुढे अडखळला तो 'घ' आणि 'ध' मध्ये, आणि पहिल्या वेलांटीत. 'कि' मध्ये वेलांटी आधी दिसते, ऐकू येते नंतर. मोठ्यांना हे लक्षातच येत नाही, मग "एवढं कळत नाही?" म्हणून ओरडतात. मीही ओरडले आहे.

इंग्रजी माध्यमवाल्यांनी रागावू नका. 'क, म, ळ' म्हटलं की कमळ जवळजवळ आपोआप ऐकू येतं. 'बी, ए, टी' म्हणून बॅट ऐकू येत नाही. म्हणून तिथं अक्षराचं नाव नंतर, आवाज आधी. एबीसीडी पाठ झाली म्हणजे वाचता आलं, असं नाही. आणि रात्री मांडीवर घेऊन, ओळीखाली बोट फिरवत एक गोष्ट वाचा. मोबाईल बाजूला ठेवून, हं!

त्या आईला मी जिन्यात नीट उत्तर दिलं नव्हतं, घाईत होते. आज देते. कमिटीनं जिन्याखालची जागा दिली आहे. दर शनिवारी संध्याकाळी पाच वाजता तीन ते सहा वर्षांच्या मुलांना घेऊन या. वाळूचे ताट मी आणते. वही आणू नका.