मामाने पाठवलंय म्हणून



सोशल मीडियावर चार शब्द बोला, असं मंडळाने सांगितलं. विषय मोठा आहे, म्हणून मी फक्त व्हॉट्सअ‍ॅपवर बोलतो. भारतात सुमारे ५० कोटी माणसं ते वापरतात. आपल्या वस्तीत ते नसलेलं घर शोधावंच लागेल.

साधन अमेरिकेतलं, २००९ सालचं. पण आपण त्याला आपल्या वळणावर आणलं. २०१६ मध्ये जिओ आलं, नेट स्वस्त झालं आणि फोन स्वयंपाकघरापर्यंत पोहोचला. ज्या आजीला लिहिता येत नाही ती बोलून निरोप धाडते. लग्नपत्रिका, मयतीची खबर, पुण्यानुमोदनाचा दिवस, सगळं तिथंच. (सकाळच्या गुलाबाच्या फुलांबद्दल मी काही बोलत नाही, आपण सगळेच त्यात आहोत!) नात्यागोत्याचं जाळं आधीपासून होतं, त्यावरच हे साधन बसलं.

धंदाही तसाच चालतो. २०१८ च्या जानेवारीत छोट्या दुकानदारांसाठी वेगळं बिझनेस अ‍ॅप निघालं. वाण्याला यादीचा फोटो पाठवला की सामान घरी येतं. आपल्या कितीतरी भगिनी मसाले, डबे, १४ एप्रिलच्या पांढऱ्या साड्या अशाच विकतात. त्यांच्याकडे जाहिरातीला पैसा नाही. गिऱ्हाईक माल नंतर बघतं, आधी नाव बघतं. हे मोठ्या कंपन्यांनीही ओळखलंय. बहिणीच्या निरोपाखाली सेलचा निरोप यावा, यासाठी त्या व्हॉट्सअ‍ॅपला पैसे मोजतात.

आता याच भरवशाची दुसरी बाजू. १ जुलै २०१८, रविवार. धुळे जिल्ह्यातलं साक्री तालुक्यातलं राईनपाडा गाव, बाजाराचा दिवस. नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या जमातीची पाच माणसं तिथं आली होती. पोरं पळवणारी टोळी फिरतेय, अशी अफवा त्या भागात मोबाईलवरून आधीच पसरलेली. जमावाने त्यांना धरलं, ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडलं आणि ठेचून मारलं. पाचही जण गेले. पोटासाठी गावोगाव फिरणारी माणसं, परकी दिसली एवढाच त्यांचा गुन्हा.

त्या वर्षी देशभर फिरलेला मूल पळवण्याचा एक व्हिडिओ मुळात कराचीतल्या जनजागृतीच्या फिल्ममधला होता. शेवटी मूल परत आणून देतात, तेवढाच भाग कोणीतरी कापला होता. पाहणाऱ्यांना तो खरा वाटला, कारण तो कुणा परक्याने नव्हे, मामाने, मेव्हण्याने, शेजाऱ्याने पाठवलेला. छापील बातमीवर शंका घेणारा माणूस मामावर घेत नाही.

त्याच रात्री मालेगावातही अशाच संशयावरून जमाव जमला होता. तिथं पोलिसांनी माणसं वाचवली. तेव्हा दोष निव्वळ यंत्राचा, असं मला वाटत नाही.

कंपनीने त्याच जुलैत भारतात एक निरोप एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. फार फिरलेल्या निरोपावर दोन बाण दिसतात, आणि २०२० च्या एप्रिलपासून तो एका वेळी एकाच ठिकाणी जातो. हे बरं झालं. पण आपल्याकडे एकच ठिकाण म्हणजे शंभर-दोनशे माणसांचा ग्रुप! बाण दिसले म्हणजे पाठवणाऱ्यानेही तो लिहिलेला नाही, एवढं तरी समजावं. मग त्याला फोन करून विचारा, "दादा, हे तुम्ही स्वतः पाहिलंत का?" राग येईल, येऊ द्या.

चोरांनीही आपली रीत हेरली आहे. २०२४ च्या अखेरीस पोलिसांनी लग्नपत्रिकेच्या नावाने येणाऱ्या फाइलींबद्दल सावध केलं. उघडली की फोनमध्ये चोरटं अ‍ॅप बसतं आणि बँकेतला पैसा जातो. पत्रिका फोटो किंवा पीडीएफ असते. नावाच्या शेवटी एपीके दिसलं तर हात लावू नका. पैसे गेलेच, तर लाजत बसू नका, लगेच १९३० वर फोन करा. जितका उशीर, तितकी रक्कम अडवणं अवघड.